दुपारी रुसणारा पंखा

एरंडोलच्या भांडेवाल्या निर्मलकुमार शेठला माणसानं दिलेला दगा एकवेळ चालायचा, वस्तूनं दिलेला चालत नसे. त्यामुळे ऐन मे महिन्यात, जेवून आडवं झाल्यावर डोक्यावरचा पंखा थांबला, तेव्हा शेठ गादीवर उठून बसला आणि पंख्यालाच म्हणाला, "लाज नाही वाटत?"

पंखा तसाच लोंबकळत राहिला. वीज गेली नव्हती. शेजारी फ्रिज घुरघुरत होता. बऱ्याच वेळानं पाती आपणहून फिरू लागली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

धुळ्याहून मुलाचा, अखिलचा फोन आला. "बाबूजी, त्या भट्टीत एकटे कशाला पडता? उन्हानं काही झालं तर? एक तर पंखा बदला, नाहीतर इकडे या. ती खोली बंदच करू."

"तुझी आई गेली म्हणून खोलीही गेली काय?" शेठ कडाडला. "पंखा दुरुस्त होतो! आपण उठसूट बदलत नाही काही. आणि मी इथून हलणार नाही."

भूषण वायरमननं कंडेन्सर बदलला, बेअरिंग बदललं, शेवटी पंखा दुकानात नेऊन कॉइल भरली. परत टांगताना तो म्हणाला, "काहीच खोट नही शे, शेठ. मना दुकानमा दिनभर फिरना. तुमनाच घरमा रुसस."

"मग काय करू? पेढा भरवू त्याला?"

त्या दुपारी अखिल आणि सून रूपल आले होते. पंखा थांबला. रूपलनं घड्याळ बघितलं आणि पदर सावरला.

"बाबूजी, ही तर मम्मीजींची सामायिकची वेळ."

शेठच्या कानशिलांवरच्या शिरा टरारल्या.

शेठची बायको मोहनबाई रोज दुपारी याच खोलीत सामायिकला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसायची. तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून दोन घडी स्थिर. पंखा वर्ज्य, वाऱ्यातले जीव दुखावतात म्हणून. आणि नेमक्या त्याच वेळी शेठ दुकानातून यायचा, बटण दाबायचा आणि घोरायला लागायचा. सामायिकात उठायचं नाही, बटण बंद करा असं सांगायचंही नाही. ती नुसती डोळे वटारून पंख्याकडे बघायची. दोन घडी सरल्या की मात्र जे सुरू व्हायचं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. चाळीस वर्षं हेच भांडण. शेठनं एकदाही हार मानली नव्हती.

"म्हणजे जिवंतपणी जमलं नाही ते आता?" शेठ छताकडे बघून ओरडला. "अखिल, नवा पंखा आण! रिमोटचा!"

दुसऱ्या दिवशी जुना पंखा माळ्यावर गेला, नवा टांगला गेला. दुपार झाली. सामायिकची वेळ आली. पंखा फिरतच राहिला.

"बघितलंस?" शेठ भिंतीवरच्या मोहनबाईच्या खुंटीकडे बघून म्हणाला आणि ऐटीत आडवा झाला.

थोड्याच वेळात उशी भिजली.

त्यानं वेग वाढवला. पात्यांचा एक करडा गोल झाला. तरी छातीवरच्या वर्तमानपत्राचं पान हललं नाही. शेठ गादीवर उभा राहिला, हात वर नेला. पाती बोटांवरून भिरभिरत होती. वारा नव्हता.

बाहेरून अखिलनं हाक दिली. "बाबूजी, हवा लागते ना? नाहीतर धुळ्याला चला."

शेठच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

"गारठलोय!" तो खेकसला. "शाल असली तर दे!"

अखिल हसत निघून गेला.

तेव्हा शेठला खुंटी नीट दिसली. दिवाळीत मोहनबाई गेल्यापासून तिची मुहपत्ती तिथेच लटकत होती. काढायचं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं.

ती हलत होती.

वाऱ्यानं हलते तशी नव्हे. थोडी आत, थोडी बाहेर.

शेठ गादीवरून उतरला, रागानंच. "किती दिवस चालायचं हे?"

कापड आत गेलं आणि तिथेच थांबलं. चिडली की मोहनबाई असाच श्वास रोखून धरायची.

शेठही थांबला. पंखा वर गरगरत होता. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा सामायिकच्या वेळी, त्यानं बटण दाबून पंखा बंद केला.

पाती थांबली. कापड हळूच बाहेर आलं.

शेठनं हात पुढे केला. दिवाळीपासून कोरडी टांगलेली मुहपत्ती मधोमध ओली होती. कोमट.