लोकर गिरणीखालचा बोगदा

चिन्मय, तू गाझियाबादला फ्लॅट बघायला निघालायस म्हणून सांगतो. लाइट येईपर्यंत ऐक. रेवती, तुझं जेवण झालं असेल तरच बस.

श्यामकांत आमच्याच खात्यातला. सरकारी नोकरी सोडून एका बिल्डरकडे इंजिनियर म्हणून गेला. तेव्हा बरेच जण जात होते. हिंडन नदीकाठी लोकरीची एक गिरणी बंद पडली होती, ती पाडून तिथे टॉवर उभे राहायचे होते.

१९९६ सालची कार्तिक पौर्णिमा. काम साधं होतं. गिरणीत कच्ची लोकर गरम पाण्यात धुवायचे, ते पाणी जमिनीखालच्या विटांच्या बोगद्यातून नदीत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात काँक्रीट ओतणार होते. त्याआधी आत उतरायचं, बोगदा रिकामा आहे ना ते बघायचं, सही करायची.

बरोबर गुणवंत होता. फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, साइटची सुरक्षा बघायचा. दिवस मावळताना दोघं उतरले.

श्यामकांत म्हणायचा, अंधाराचं काही वाटलं नाही, पण तो वास... ओली मेंढी आणि खवट तूप. मेंढ्यांच्या अंगची चरबी वर्षानुवर्षं भिंतींवर साचलेली, पिवळट, बोटभर जाड. तीत लोकरीचे पुंजके, लेंड्या. डोकं जरा वर केलं की छताला टेकायचं, आणि एखादा गोळा मानेवर पडून कॉलरच्या आत ओघळायचा. पाणी गुडघाभर. गिरणी कधीची बंद, नोव्हेंबरची थंडी, आणि पाणी कोमट.

वळणापाशी टॉर्च मंद झाला.

"साहेब, मी वरून दुसरा आणतो," गुणवंत म्हणाला. "तुम्ही हलू नका."

"लवकर या."

गुणवंत भिंत चाचपत गेला. थोड्या वेळानं टॉर्च विझलाच. श्यामकांत नाकाला रुमाल लावून उभा.

मग पाण्यात पावलं वाजली. बोगद्यात आवाज कुठून येतो, कळत नाही.

"गुणवंतराव?"

"साहब... हाथ दो."

गुणवंत त्याच्याशी हिंदीत कधी बोलायचा नाही. हे नंतर सुचलं. त्या क्षणी वाटलं, घसरला असेल. त्यानं उजवा हात पुढे केला.

हातात हात आला.

ऊन होता. मऊ. फुगलेला.

त्यानं ओढलं. दुधावरची साय सरकावी तशी त्या हाताची कातडी सरकली. बोटांत गोळा झाली. आणि आतली पकड... घट्ट होत गेली.

"साहेब, आणला टॉर्च. आलोच."

गुणवंतचा आवाज. मागून.

पकड सुटली. उजेड पडला. समोर विटांची भिंत. बोगदा तिथे कुणीतरी कधीकाळी बंद केलेला. भिंतीवर चरबीचा थर, बोट लागल्याचीसुद्धा खूण नाही.

श्यामकांत तिथेच, पाण्यात, ओकला.

"पलीकडे माणूस आहे," तो म्हणाला. "भिंत फोडा."

गुणवंतनं वाद घातला नाही. पहार आणली, फोडली. पलीकडे बोगदा छतापर्यंत चरबीनं भरलेला. पहार आत गेली ती हात धरला होता तिथपर्यंत रुतली. ओढली तेव्हा केसांचं जाळं घेऊन आली. मेंढीचे असतील. दोघांनी निरखून बघितलं नाही.

"साहेब, इथे उंदीरही मावायचा नाही," गुणवंत म्हणाला. "वर चला."

श्यामकांतनं सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. सकाळी काँक्रीट पडलं.

घरी तो आधी साबणानं, मग रॉकेलनं हात घासत बसला. वास जाईना. त्याची बायको कुमुद पाणी घालत होती. तिनं त्याचा हात उजेडात धरला.

"अहो, ही अंगठी कुणाची?"

अनामिकेत पितळेची अंगठी. श्यामकांतनं जन्मात अंगठी घातली नव्हती. तेल लावलं, दोरा गुंडाळला. निघेना. सकाळी सोनाराकडून कापून घेतली. कुमुदनं ती चिमट्यात धरून यमुनेत टाकली. पण पुढे कित्येक महिने त्याला त्या हातानं मुलीला घास भरवू दिला नाही. त्यालाही स्वतःच्या हाताची शिसारी यायची. चमच्यानं जेवायचा.

अंगठी बोटात होती एक रात्र. पण खाली कातडी पांढरीफटक पडलेली, बोट आवळून बारीक झालेलं. वीस-तीस वर्षं एकच अंगठी घातल्यावर होतं ना, तसं.

मागच्या महिन्यात भेटला होता. मी बघितलं.

अजून तसंच आहे.