बारा मिलिमीटरच्या पुढे

भिंतभर आरशाचा फोटो काढायचा आणि त्यात आपण दिसायचं नाही, ह्यावर माझं पोट चालतं. त्यासाठी शिफ्ट लेन्स लागते. कॅमेरा आरशासमोर अगदी सरळ ठेवायचा आणि तो तसूभरही न हलवता फक्त लेन्स बाजूला सरकवायची. चौकट तेवढी सरकते, आपलं प्रतिबिंब तिच्या बाहेर पडतं, रेषा मात्र सरळच राहतात. जादूबिदू काही नाही, निव्वळ भूमिती आहे.

नंदनवन कॉलनीतल्या प्रेमिलाकाकूंचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. त्यांचे यजमान चंद्रभान तीन वर्षांपूर्वी उमरेडची बस पकडायला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. आता घर विकून मुलीकडे अमरावतीला जायचं ठरत होतं, पण काकूंचा पाय निघत नव्हता.

"मी गेली आन् मांगून हे आले तं?" घराच्या जाहिरातीच्या फोटोची तयारी करताना त्यांनी मला दोनदा विचारलं. मी ट्रायपॉडचे स्क्रू आवळत राहिलो.

लेन्स बारा मिलिमीटर सरकली आणि अडली. तिची हद्दच तेवढी. फोटोत आरशाच्या डाव्या कडेला चौकड्याच्या शर्टाची बाही आली होती. मी मागे वळून पाहिलं. पोपडे आलेली भिंत, स्विचबोर्ड, बंद दार. खोलीत आम्ही दोघंच होतो.

घर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नवं फर्निचर दाखवायला ह्या खोलीचं त्रिमितीय मॉडेल मी आधीच लॅपटॉपवर केलं होतं. खात्री करायला त्यातल्या आभासी कॅमेऱ्याला तेच आकडे दिले. त्या मॉडेलमध्ये मी एकही माणूस ठेवलेला नव्हता.

बाही तिथंही होती.

लॅपटॉप मिटणार तोच काकू माझ्या खांद्याशी आल्या.

"हाच शर्ट घालून गेले होते," त्या म्हणाल्या. "अजून सरकव ना गा, पियुष."

लॅपटॉपमधल्या लेन्सला हद्द नसते, हवा तो आकडा टाका. जमत नाही म्हणून सरळ थाप मारायला हवी होती. पण तीन वर्षं दाराकडे डोळे लावून बसलेल्या बाईशी खोटं बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. मी चौदा टाकले.

चौकटीच्या मधोमध एक माणूस पाठमोरा उभा होता.

सोळा टाकले. स्विचबोर्ड सरकला, दार सरकलं. तो सरकला नाही. अजून मधोमधच होता. आणि शिफ्टने वस्तू मोठी होत नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो मोठा झाला होता.

"काकू, हे बराबर नाई होऊन राहिलं."

"काहून थांबला? तोंड तं दिसू दे."

अठरा. मान वळू लागली होती.

तरी बोटांनी वीस टाकलेच.

पडदाभर फक्त चौकड्याचं कापड.

मी घाईघाईने शून्य दाबलं. सरळ रेषा, रिकामा आरसा, कोणी नाही. सुटलो, असं वाटलं.

काकू रडत नव्हत्या. त्या सोफ्यावर बसल्या, पदर सावरला आणि थोडं सरकून जागा केली.

"थकले असान," त्या म्हणाल्या. "बसा ना."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

त्यांच्या शेजारची गादी हळूहळू खाली दबली.