टोणग्याच्या चार रेघा

टोणगा सरळ चालायला तयार नव्हता. टोणगा म्हणजे चंद्रावरच्या वैतरणी तळाचा बर्फ वाहणारा अवजड ट्रक. हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि आता तो नावाला जागत होता. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की स्वारी निघाली डावीकडे! पलीकडच्या तळाचा रस्ता विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या प्रचंड खड्ड्याच्या) काठाने जातो, आणि विवर नेमकं डाव्या हाताला.

"असा ट्रक मी नेणार नाही," बाबा म्हणाले. "तुला घेऊन तर नाहीच."

नीरजाचं तोंड एवढंसं झालं. पलीकडच्या तळावर आर्वी राहायची. अख्ख्या चंद्रावर या दोघीच लहान मुली, आणि उद्या आर्वी कायमची पृथ्वीवर चालली होती. वैतरणीवर नीरजाशी बोलायला मोठी माणसं होती, पण भांडायला कुणीच नव्हतं.

खटपट नावाचा यंत्रमानव कामाला लागला. "एका वेळी एकच गोष्ट तपासायची," तो नेहमीप्रमाणे बडबडू लागला. "सगळं एकदम बदललं, तर दोष कशात होता ते कळत नाही."

आधी त्याने बर्फाच्या पेट्या पाहिल्या. दोन्ही बाजूंना वजन सारखंच होतं. मग त्याने चाकांना हात लावून पाहिला. एका बाजूचा ब्रेक घासत राहिला, तर ट्रक त्या बाजूला ओढतो आणि ते चाक तापतं. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ते लवकर निवतही नाही. पण चारही चाकं सारखीच गार होती. शेवटी त्याने पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं.

"आता ओढ उजवीकडे गेली, तर चोर चाकच."

बाबांनी मोकळ्या पट्टीवर ट्रक सरळ नेऊन पाहिला. ओढ डावीकडेच राहिली. स्टिअरिंगचे दांडेही ठीक निघाले.

"राहू दे आता. पुढच्या यानातून कुणी जाणकार येईल, तेव्हा बघू," बाबा थकून म्हणाले.

नीरजा अंतराळपोशाख चढवून बाहेर पडली. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. उमटलेलं पाऊल तसंच राहतं. तळाभोवती जिकडेतिकडे तिचीच पावलं होती, सगळी एकटीची, आणि तिला त्यांचा रागच यायचा. तरी करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती आपल्याच जुन्या पावलांत पाय टाकत चालू लागली. चालता चालता पट्टीवर आली, आणि टोणग्याच्या रेघा पाहून थबकली.

"बाबा," ती रेडिओवर म्हणाली, "ट्रक सरळ गेला, तर मागची चाकं पुढच्या चाकांच्याच रेघांवरून जातात ना? मग इथे दोनाच्या चार रेघा कशा?"

"मागच्या चाकांच्या रेघा कुठल्या बाजूला आहेत?" खटपटने विचारलं.

"उजवीकडे."

"आम्ही आपले पुढेच बघत बसलो," खटपट ओशाळून म्हणाला. "मागचा एक्सल (दोन चाकांना जोडणारा जाड दांडा) तिरका झालाय, पोरी. मागची चाकं शेपूट उजवीकडे रेटतात, म्हणून तोंड डावीकडे वळतं."

झालंही तसंच होतं. उजव्या कमानपाट्याचा (ट्रकचे धक्के सोसणाऱ्या पोलादी पट्ट्यांचा) एक बोल्ट तुटला होता, आणि एक्सलचं ते टोक मागे सरकलं होतं. बाबांनी एक्सल काटकोनात आणून नवा बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी विवराच्या काठाने टोणगा शहाण्यासारखा चालला. नीरजाने आरशात पाहिलं, मागे दोनच रेघा उमटत होत्या.

आर्वी आणि ती तळाला वळसा घालून यानापर्यंत चालत गेल्या. वाटेत पुढे कोण चालणार यावरून त्या कडकडून भांडल्याही.

"मी मोठी झाले की परत येईन," आर्वी म्हणाली, आणि शिडी चढून गेली.

यान दिसेनासं झाल्यावर नीरजा एकटीच ट्रककडे परतली. वाटेवर पावलांच्या दोन रांगा होत्या. एक तिची, एक आर्वीची. ती त्यांच्यावर पाय पडू न देता बाजूने चालली. आर्वी परत येईपर्यंत त्या तशाच राहणार होत्या. इथे वारा नाही, याचं नीरजाला पहिल्यांदाच बरं वाटलं.