गावाच्या मागे आलेला ओढा

खंडेनवमीला भूकर्ण केंद्रातले दोन्ही भूकर्ण विहिरींतून वर काढले, धुतले, पुसले आणि टेबलावर शेजारी शेजारी बसवून त्यांना हळदकुंकू वाहिलं. झेंडू सांगलीहून मागवला होता. हिमालयात एवढ्या उंचीवर झेंडू मिळत नाही, आणि झेंडूशिवाय संचालक डॉ. सुमेधा गद्रे यांचं समाधान होत नाही.

"वर्षभर जमिनीला कान लावून बसतात बिचारे," त्या म्हणाल्या. "एक दिवस सुट्टी नको?"

भूकर्ण म्हणजे पाताळातली करकर ऐकणारं यंत्र. एक दरीच्या पूर्वेच्या विहिरीत, एक पश्चिमेच्या. दोन्ही दिसायला अगदी सारखे, फक्त पूर्वेच्याला एक पोचा होता. केंद्राचा अभियंता निरंजन खोत मूळचा चिपळूणचा, स्वच्छतेचा भारी भोक्ता. यंत्रांवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या मळक्या दिसत होत्या, म्हणून त्याने त्या खरवडून काढल्या. दुसऱ्या दिवशी यंत्रं परत विहिरींत सोडली.

आठवड्याभरात पडद्यावर चमत्कार दिसला. इतके महिने पूर्वेकडे सरकणारी पाताळातली चीर चक्क पश्चिमेकडे निघाली होती.

"जगात कुणी पाहिलं नसेल असं!" गद्रेबाई म्हणाल्या आणि लगेच शोधनिबंध लिहायला बसल्या. इतकं छान काही दिसल्यावर यंत्र तपासायचं कुणाला सुचतं?

जिल्हाधिकारी अवचट आले. माणूस साताऱ्याचा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा.

"मला समजेल असं सांगा."

"कठड्यावर ओली गोधडी वाळत टाकलीय, असं धरा," गद्रेबाई म्हणाल्या. "एक टोक पाणी पिऊन जड झालंय, खाली लोंबतंय. दोन खंडांची टक्कर व्हायच्या आधी मध्ये समुद्र होता. त्याचा तळ म्हणजे हे जड टोक. आम्ही त्याला बुडपट्ट म्हणतो. तो खाली बुडत गेला आणि आपल्या खंडाला मागोमाग ओढत राहिला. पण खंड हलका, तो काही बुडत नाही. टक्कर झाली तसा वरच अडकला. मग?"

"गोधडी फाटणार."

"फाटणारच. पण एकदम नाही. एका कडेपासून उसवत जाणार. जिथे उसवून झालं तिथलं ओझं सुटलं, तिथली जमीन वर येते. जिथे अजून उसवायचंय तिथल्या टाक्यांवर सगळा भार येतो, ती जमीन खाली जाते."

"पण याला लाखो वर्षं लागतात ना? लागतात ना?"

"इतर ठिकाणी. इथला तुकडा लहान, पातळ आणि आधीच जीर्ण. इथे जमीन महिन्याला हातभर वरखाली होते."

"आणि चीर पश्चिमेला चाललीय. म्हणजे पश्चिमेचं तरचू गाव खाली जाणार."

"हो."

"उपग्रहाची मोजणी येईपर्यंत थांबायचं का?"

"ती वर्षातून एकदा येते," गद्रेबाई म्हणाल्या. "आमचे कान रोज ऐकतात."

तरचूचे मुखिया नोर्बूकाका. देवळालीच्या तोफखान्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे मराठी फर्डी आणि आवाज तोफेसारखा. त्यांनी एकच विचारलं, "काय रे खोत, नक्की ना?"

"नक्की, काका."

गाव हललं. याक, चुली, दारांच्या चौकटी, मठातली घंटा, सगळं पूर्वेच्या कोरड्या पठारावर गेलं. एका म्हातारीने तर जर्दाळूचं झाड मुळासकट नेलं. ते वाटेतच वाळलं.

पुढे तेल घालायला म्हणून निरंजनने पश्चिमेच्या विहिरीतलं यंत्र वर ओढलं. पोचा! हे तर पूर्वेचं यंत्र. कान उलटे बसले होते. चीर कधी वळलीच नव्हती. गाव आपण सुरक्षित जागेवरून उचलून बुडत्या जागेवर नेऊन ठेवलंय.

सरळ जाऊन सांगायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे नोर्बूकाका आले, मग ती म्हातारी आली, मग त्याचं धैर्य आलंच नाही. त्याने गुपचूप दोन्ही यंत्रं बंद करून त्यांची अदलाबदल केली. आता पडदा 'पूर्व' दाखवेल, मग 'चीर परत वळली' म्हणू आणि गावाला सन्मानाने परत नेऊ.

पडद्याने 'पश्चिम'च दाखवलं.

निरंजनने तीनदा पाहिलं. यंत्रं आता बरोबर होती, म्हणजे चीर खरंच वळली असणार! आपली चूक आणि निसर्गाची लहर नेमकी जुळली. त्या दिवशी तो पोटभर जेवला. समोर गद्रेबाईही पोटभर जेवल्या. दोघं एकमेकांकडे बघून जरा जास्तच हसली.

पठारावर घरं उभी राहिली. मग एक दिवस नोर्बूकाका लोण्याच्या चहाचा थर्मास घेऊन केंद्रात आले.

"मेजवानी आहे, सगळ्यांनी यायचं! अरे, आमचा ओढा आला!"

"कुठला ओढा?" निरंजनने विचारलं.

"तरचूचा! जवळजवळ सपाटीवरून वाहायचा, पश्चिमेला. आता उलटा फिरून आमच्या मागे आलाय, पठारावर. म्हातारी म्हणते, त्याला आमच्याशिवाय करमेना. मेहनत घेऊन पाट खणायचा होता, तो वाचला!"

निरंजनच्या हातातला पेला तसाच राहिला. पाणी मायेने वाहत नाही. जिकडे जमीन खाली, तिकडे वाहतं.

नोर्बूकाका जाताच त्याने गद्रेबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"बाई, पूजेनंतर मी कान उलटे बसवले होते. मग कुणाला न सांगता सुलटे केले."

गद्रेबाईंनी चष्मा काढला. "कधी केलेस सुलटे?"

"तेल घालायला गेलो तेव्हा. थोडा वेळ यंत्रं बंद होती बघा."

"अरे देवा." त्या खुर्चीत खचल्या. "मला पूजेच्या दुसऱ्या दिवशीच्या फोटोत दिसलं होतं. पोचेवाला कान घेऊन तू पश्चिमेच्या वाटेला लागलायस. निबंध छापून आला होता रे! लाज वाटली. यंत्रं बंद दिसली तेवढ्यात मी संगणकातच पूर्व-पश्चिम उलटं करून टाकलं."

"म्हणजे मी सुधारलेलं तुम्ही..."

"आणि मी सुधारलेलं तू."

दोन माणसांनी प्रामाणिकपणे, चोरून, एकच चूक सुधारली होती. त्यामुळे ती जशीच्या तशी शाबूत राहिली होती.

मेजवानीला दोघं गेली ती माफी मागायला. सगळ्या गावासमोर गद्रेबाईंनी सांगितलं. मराठीत सांगितलं, नोर्बूकाकांनी गावाच्या भाषेत केलं. मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला.

कुणी ओरडलं नाही. म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतात?" निरंजनने विचारलं.

"झाडाचं विचारतेय," नोर्बूकाका म्हणाले. "मी म्हटलं, ते नाही येणार परत."

गाव पुन्हा हललं. तरचू खरंच वर येत होतं, भक्कम आणि निर्धोक. फक्त तिथे आता पाणी नव्हतं. ओढा पठाराकडे फिरला होता, आणि पठार जसजसं खचत होतं तसतसं तिथे तळं साचत होतं. गावाला सुरक्षितता एका टोकाला मिळाली, पाणी दुसऱ्या टोकाला.

अवचटांनी पंप मंजूर करून आणला. तो आला तेव्हा तरचू मंजुरीतल्या उंचीच्या वर गेलेलं होतं. दुसरा मोठा पंप मागवला. तोही वाटेत असतानाच तोकडा पडला. तिसऱ्याची फाईल दोनदा परत आली.

"मग तोवर?" निरंजनने विचारलं.

नोर्बूकाकांनी खांद्यावरची कावड उतरवून त्याच्या पुढ्यात ठेवली. दुसरी गद्रेबाईंच्या पुढ्यात. "तोवर काय, चालायचं," ते म्हणाले. रागाने नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आता दोघं रोज सकाळी तळ्यावर उतरतात आणि पाणी घेऊन तरचूला चढतात. खालचं खाली जातंय, वरचं वर. गद्रेबाई मध्ये एका दगडावर टेकतात. हल्ली त्या दगडाच्या बऱ्याच आधी टेकायला लागल्यात.

"खोत," त्या धापा टाकत म्हणाल्या, "चीर पूर्ण उसवली की पठारही वर येईल ना रे?"

"येईल."

"कधी?"

निरंजनला वर्षांचा आकडा पाठ होता, तीन अंकी. त्याने कावडीचा खांदा बदलला आणि पुढे चालायला लागला. चूक आकडा सांगायची त्याला भीती नव्हती. या खेपेला आकडा बरोबर होता.