मेलेलं वादळ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं काहीही घातलेलं नाही. हे घडलं माझ्या थोरल्या मामांच्या बाबतीत, आणि मामा म्हणजे थाप मारायचाही कंटाळा असलेला माणूस.

मामा धरणाच्या दरवाजांवर नोकरीला होते. पाणी वाढलं की दरवाजे उघडायचे, उतरलं की बंद करायचे. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, तो धरणाच्या खाली नदीकाठच्या पंपघरात. तिथून एक जाड लोखंडी पाइप मामांच्या केबिनला लागून वर येतो आणि पुढे वसाहतीतल्या घरांना पाणी देतो.

फोन बंद पडला की दोघे भाऊ त्या पाइपावर पाना आपटून बोलायचे. दोन ठोके म्हणजे, थांब, मी अजून खाली आहे. तीन ठोके म्हणजे, मी वर आलो, पाणी सोड. ही खूण फक्त त्या दोघांची होती.

त्या वर्षी समुद्रात चक्रीवादळ उठलं. आमचं गाव समुद्रापासून इतकं लांब की अर्ध्या गावानं समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. रेडिओवर सांगितलं, वादळ किनाऱ्यावर आदळलं, होड्या बुडाल्या, माणसं सापडली नाहीत. मग जमिनीवर येऊन वादळ मेलं.

"मेलं म्हणे," बारक्या हसला. "दादा, रडायला जायचं का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आमच्याकडे आलं...

दिवे लावावे लागले, इतका अंधार. पाऊस आडवा मारत होता. फोन केव्हाच गेला होता. मामांनी केबिनच्या काचेवरून आत झिरपलेलं पाणी हातानं पुसलं, तोच हात तोंडावरून फिरवला आणि थबकले.

पाणी खारट होतं.

धरण काठोकाठ भरलं होतं. दरवाजे उघडले नाहीत तर भिंत जाणार आणि भिंत गेली तर गाव जाणार. मामांनी भोंगा वाजवला. खालून उत्तर आलं.

ठण... ठण.

थांब. बारक्या पंपाची मोटार वर उचलत असणार. मामांनी त्याला आणि मोटारीला मिळून दोन शिव्या घातल्या. पाणी चढत होतं. पुन्हा भोंगा. या वेळी बराच वेळ काहीच नाही...

मग ठण. ठण. ठण.

मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण दाबलं. दरवाजे कुरकुरत वर जायला लागले आणि पाणी गर्जत खाली सुटलं.

तेवढ्यात केबिनच्या दारावर थाप पडली. दाराच्या काचेतून बारक्या दिसला. नखशिखांत भिजलेला.

"दादा, आत ये म्हण."

मामा उठलेच होते. पण पाय अडले. बारक्या जन्मात कधी विचारून आत आला नव्हता. दाराला लाथ घालून यायचा आणि आल्या आल्या चहा मागायचा.

"दादा, आत ये म्हण ना."

आणि पाइपावर... ठण... ठण.

मामा पाइपाकडे वळले.

"खाली कोण वाजवतंय रे?"

"पाणी आपटतंय," तो दाराबाहेरून म्हणाला. "तू सोड. अजून सोड."

ठण ठण. ठण ठण. आता घाईघाईनं.

बाहेरचा खरा असेल तर दरवाजे बंद करून गाव बुडणार. खालचा खरा असेल तर मामा सख्ख्या भावाला स्वतःच्या हातानं बुडवत होते. त्यांनी काचेकडे पाहिलं. एवढ्या आडव्या पावसात त्याचे केस जराही हलत नव्हते.

"कोण आहेस तू?"

तो हसला नाही, ओरडलाही नाही. नुसता काचेला चिकटला.

"आम्हीही थांब म्हणत होतो. आमच्यासाठी कोण थांबलं?"

मामांनी दरवाजे बंद करायचं बटण दाबलं. त्याबरोबर दार हादरलं, काच तडकली, चारही भिंतींवर धपाधप हात पडायला लागले. एक-दोघांचे नव्हेत, शेकडो हात. सडक्या मासळीचा वास केबिनभर भरला. मामा कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसले.

ते थांबलं तेव्हा पाइपही गप्प झाला होता.

भिंत कशीबशी टिकली. पाऊस ओसरल्यावर दोर घेऊन माणसं खाली उतरली. पंपघर छपरापर्यंत चिखलानं भरलेलं. आणि बारक्या पंपघरातून वर येणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला, पाना हातात, जिवंत. मामांनी त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. त्याला धरून घरी आणलं. तो उंबऱ्याशी थांबला, तेव्हा हुंदके देतच म्हणाले, "अरे, बाहेर काय उभा राहतोस वेड्या? आत ये."

तो आत आला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बारक्या मामा कामाला जातो, भाजी आणतो, पोरांचे लाड करतो. चहा मात्र सोडला. आणि कुणाच्याही दारात गेला की बोलावल्याशिवाय आत येत नाही. मामी कौतुकानं म्हणते, मरता मरता वाचला आणि शहाणा झाला.

 थोरले मामा मात्र, मी पाहिलंय, त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी वसाहतीत त्यांच्याकडे जेवायला होतो. रेडिओवर सांगत होते, वादळ किनाऱ्यावर आलंय. सगळे जेवत होते. आणि मोरीतल्या नळातून, खूप खोलवरून, अगदी थकलेला आवाज आला...

ठण... ठण.

थोरल्या मामांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले.

बारक्या मामानं मान वर केली नाही. शांतपणे भात कालवत म्हणाला,

"पाणी आपटतंय."