सुभेदारांना सिनेमा सांगताना

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी जुने हॉलिवूडपट दाखवायचे. आठवडाभर ऑफिसात डोकं पिकलेली पर्णिका तिथे आली होती ती दोन तास शांत बसायला. आणि मागच्या रांगेत... अखंड कुजबुज!

पडद्यावर एका सैनिकाचं आख्खं आयुष्य उलगडत होतं. पन्नास वर्षं एकाच अकादमीत पोरांना कवायत शिकवण्यात गेलेलं. मागचा तरुण प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होता. तेही चुकीचं!

"शूऽऽ!" ती तिसऱ्यांदा वळली.

"सॉरी... बाबांना यांचं इंग्लिश कळत नाही," तो ओशाळला. "सुभेदार होते ते. तीस वर्षं बेळगावात रिक्रूट घडवलेत."

"मग नीट तरी सांगा! तो बदली मागत नाहीये, नाकारतोय!"

"त्या तिसऱ्याचा पाय चुकला!" शेजारी बसलेले त्याचे बाबा, वसंतराव, पडद्याकडे बोट दाखवत गरजले.

पर्णिकाने कपाळावर हात मारला. पर्स उचलून ती मागे गेली. "सरका. मी सांगते काकांना." आणि बापलेकांच्या मध्ये धपकन बसली.

तासभर मग तीच कुजबुजत राहिली. तो तरुण, रणजित, पडद्याऐवजी तिच्याकडेच बघत होता.

"समोर बघा!"

"बघतोय की..."

मग सिनेमातल्या त्या सैनिकाची बायको गेली. पर्णिका अडखळली.

"काय म्हणतोय तो?" वसंतरावांनी विचारलं.

"म्हणतोय... हुकूम मी सोडले, पण घर हिनं सांभाळलं."

"मी कुमुदला हे कधी बोललोच नाही," वसंतराव हळूच म्हणाले. रणजितने हात लांबवून त्यांचा हात धरला. पर्णिका जरा मागे सरकून बसली.

सिनेमा संपला. वसंतराव लिफ्टकडे निघाले, तसा रणजित थबकला.

"आईला जाऊन वर्ष झालं. आज पहिल्यांदा तिचं नाव घेतलं त्यांनी... थँक्यू."

"हं."

"पुढच्या आठवड्यात बाबा गावी चाललेत. शनिवारी मी एकटाच... म्हणजे, तुम्हाला वेळ असला तर... इन्शाल्ला..."

"अहो, सरळ बोला ना!"

"आवडलात तुम्ही मला. चिडता, तरीही."

पर्णिकाचे कान तापले. "मग नंबर मागतात माणसं!" ती वैतागून म्हणाली. त्याने खिसे चाचपून फोन काढला, तो तिने सरळ हातातून घेतला आणि स्वतःचा नंबर टाइप करायला लागली.