कपाळावरची आठी

सांगलीतल्या विश्रामबागेत उगारे क्लासमध्ये आता कुणी कपाळाला आठी घालत नसे. हॉलभर पोरं बसलेली, प्रत्येकाच्या कपाळावर बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी, समोर टॅब, आणि चेहरे भरपेट जेवून ओट्यावर टेकलेल्या माणसासारखे शांत. परीक्षा मात्र वित्तविश्लेषकाची. पूर्वी तिच्या नुसत्या नावानं तोंडचं पाणी पळायचं.

ही करामत आठीमापकाची होती. भुवयांमधला स्नायू जरा आक्रसला की पट्टी ते टिपायची आणि टॅबवरचं वाक्य डोळ्यांदेखत बदलायचं. लांबलचक असेल तर तुटायचं, अवघड शब्द असेल तर त्याच्या जागी सोपा यायचा. कपाळ सपाट होईपर्यंत यंत्र वाक्याची पाठ सोडत नसे. हजारो कपाळांखालून गेलेला धडा मग 'निराठी' म्हणून छापला जाई. क्लासचे मालक हेमंत उगारे स्वतः ही परीक्षा कधी पास झाले नव्हते. त्यामुळे ती कशी शिकवावी याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. 'विद्यार्थी चुकत नाही, वाक्य चुकतं' हे त्यांचं वचन त्यांनी जिन्यापासून मुतारीपर्यंत चिकटवलं होतं.

शैलजा कुरुंदवाडे या क्लासच्या पुस्तकांच्या संपादक. एका दुपारी कर्जरोख्यांचा धडा घेऊन त्या उगाऱ्यांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"सर, मूळ मजकूर असा होता. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. रोखे मुदत संपेपर्यंत ठेवायचे असतील, तर हा तोटा हिशेबात दाखवायची गरज नाही. पण तोवर ठेवण्याची ऐपतच नसेल, तर ही सवलत मिळत नाही."

"बरं, मग?"

"यंत्रानं शेवटचं वाक्य उडवलं. जिथं जिथं अट आहे तिथं पोरांना आठी पडते, म्हणून तिथं कात्री. हे सोपं करणं नाही सर, निम्मं करणं आहे."

"मॅडम, त्या वाक्याला जवळपास सगळ्यांना आठी पडत होती. आता कुणालाच नाही."

"कारण आता समजून घेण्यासारखं काही उरलंच नाही!"

उगारे हसले. हसण्यात ते पटाईत होते. "परीक्षा मंडळानंही हेच यंत्र घेतलंय की. प्रश्नपत्रिकाच निराठी येणार. मग ती ऐपतीची अट विचारणार कोण?"

शैलजाताईंना काळजी होती ती अक्षता मगदूमची. मुलगी कष्टाळू, दोनदा नापास झालेली. या खेपेला जमलं नाही तर वडिलांच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं ठरलेलं. त्यांनी तिला त्या धड्याचं जुनं, न कापलेलं पान वाचायला दिलं. अक्षता वाचू लागली आणि मध्येच दचकली.

"मॅडम, हे पान बिघडलंय. माझी आठीच जाईना."

ती थट्टा करत नव्हती. आठी आली की चूक पुस्तकाची, एवढंच तिला शिकवलं होतं.

"पडू दे आठी. जरा थांब तिथंच."

"नको मॅडम, डोकं दुखतं. निराठीच बरं."

यानंतर शैलजाताईंनी बाणेदारपणे राजीनामा दिला असेल, असं वाटणारा वाचक फारच भोळा म्हणायचा. त्यांनी धड्यावर 'मंजूर' असा शेरा मारला आणि चहा मागवला.

निकाल अर्थातच झगझगीत लागला. चौकाचौकांत उगाऱ्यांचे फलक झळकले. अक्षताही पास झाली, एका पतसंस्थेत गुंतवणूक अधिकारी म्हणून लागली आणि वर्षभरानं पेढे घेऊन शैलजाताईंच्या घरी आली.

"कसं चाललंय काम?"

"एकदम छान, मॅडम. ठेवींचा बहुतेक पैसा रोख्यांत आहे. व्याजदर वाढलेत, पण रोखे मुदतीपर्यंत ठेवायचेत, म्हणून तोटा शून्य. आज सकाळीच वार्षिक हिशेबावर सही केली." तिनं पेढ्याचा पुडा पुढे केला. "हल्ली ठेवी मोडायला लोक फार येतात, तेवढीच कटकट. रोकड संपत आलीय."

शैलजाताईंनी पेढा घेतला नाही. "रोकड संपली की लोकांना द्यायला काय विकणार?"

"रोखेच की."

"आणि मुदतीपर्यंत काय ठेवणार?"

अक्षता हसता हसता थांबली. तिच्या भुवया जवळ आल्या. सवयीनं हात कपाळाकडे गेला, पण तिथं पट्टी नव्हती. आठी तशीच राहिली, आणखी खोल झाली. शैलजाताई श्वास रोखून पाहत होत्या. इतक्या वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याला खरोखर काही समजताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"म्हणजे तोटा दाखवायलाच हवा होता," अक्षता हळूच म्हणाली. "आणि मी सही केलीय."

मग तिला पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवलं असावं. त्यावर संपादक म्हणून छापलेलं नाव आठवलं असावं. तिनं मान वर केली.

"मॅडम, हे तुम्हांला माहीत होतं?"